कँडी क्रश सागा : तळाच्या दोन ओळी आणि चोवीस चाली

कँडी क्रश सागा या खेळाच्या एकाच लेव्हलवर मी नऊ दिवस अडकले होते. परवा दुपारी ती सुटली, तेव्हा हातात दोन चाली शिल्लक होत्या. ती केवळ नशिबाने सुटली नाही, हे मी खात्रीने म्हणू शकते, कारण शेवटच्या तीन दिवसांत मी प्रत्येक डाव चौकटीच्या वहीत मांडून पाहिला होता आणि आधीचे डाव कुठे फसत होते, ते त्या वहीतच मला दिसले. इंदूरच्या शाळेत एकतीस वर्षे गणित शिकवून निवृत्त झालेल्या बाईला फोनवरच्या रंगीत गोळ्यांमध्ये इतका रस का वाटावा, असे घरातल्या मोठ्यांनी विचारले. त्याचे सविस्तर उत्तर म्हणून, आणि या खेळात अडकून पडलेल्या इतर खेळाडूंच्या उपयोगासाठी, हे परीक्षण लिहीत आहे.

खेळ नवा नाही. मूळच्या स्वीडनमधील किंग या कंपनीने तो एप्रिल २०१२ मध्ये प्रथम फेसबुकवर आणला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तो मोबाइलवर आला. आज ही कंपनी मायक्रोसॉफ्टच्या मालकीची आहे. शेजारच्या दोन गोळ्यांची अदलाबदल करून तीन सारख्या एका रेषेत आणायच्या, ही कल्पना त्याहूनही जुनी आहे. १९९४ मध्ये रशियात तयार झालेला ‘शारिकी’ आणि २००१ मध्ये आलेला ‘बिज्वेल्ड’ हे तिचे पूर्वज होत. कँडी क्रशने त्यात भर घातली ती प्रत्येक लेव्हलला वेगळे उद्दिष्ट आणि मोजक्या चाली देऊन. लेव्हलची संख्या आता दहा हजारांच्या कितीतरी पुढे गेली आहे. मी ज्या लेव्हलविषयी लिहीत आहे तिचा क्रमांक मुद्दामच देत नाही, कारण निर्माते जुन्या लेव्हलही अधूनमधून बदलत असतात. आज दिलेला क्रमांक वाचकाला उद्या भलत्याच पटावर घेऊन जाईल. पट कसा वाचावा हे कळले, तर ते कुठल्याही क्रमांकाला उपयोगी पडते.

खेळाची पहिली चांगली बाजू डोळ्यांशी संबंधित आहे. लाल, नारिंगी, पिवळी, हिरवी, निळी आणि जांभळी अशा सहा रंगांच्या गोळ्या यात आहेत, पण प्रत्येक रंगाला स्वतंत्र आकारही दिलेला आहे. लाल गोळी घेवड्याच्या दाण्यासारखी आहे, हिरवी चौकोनी, निळी वाटोळी आणि पिवळी लिंबाच्या थेंबासारखी निमुळती. माझ्या दिरांना लाल आणि हिरवा हे रंग नीट वेगळे ओळखता येत नाहीत, तरीही ते आकारावरून न अडखळता खेळतात. रंग जुळवण्याच्या इतर अनेक खेळांत एकाच आकाराचे निरनिराळ्या रंगांचे ठोकळे असतात आणि तिथे अशा माणसाला जागाच उरत नाही. म्हणून मला हा गुण फार मोलाचा वाटतो.

दुसरी बाजू आमच्यासारख्या घरांपुरती आहे, पण ती सांगितल्यावाचून राहवत नाही. माझी नऊ वर्षांची नात शाळेत आणि मैत्रिणींत दिवसभर हिंदी बोलते, त्यामुळे तिच्या तोंडी जांभळ्याऐवजी ‘बैंगनी’ आणि नारिंगीऐवजी ‘संतरी’ असते. आम्ही दोघी एकाच फोनवर खेळतो तेव्हा चाल मोठ्याने मराठीत सांगायची, असा नियम मी घातला आहे. ‘खालून तिसऱ्या ओळीतली जांभळी डावीकडे सरकव’ असे वाक्य ती आता न थांबता बोलते. आडवे, उभे, तिरपे, कोपरा, रांग हे शब्दही तिच्या जिभेवर बसले. वर्गवारीची समज मात्र तिला आधीपासूनच होती. सकाळी कचऱ्याची गाडी आली की ओला, सुका, प्लास्टिक असे निरनिराळे डबे घेऊन धावण्याची सवय इंदूरच्या मुलांना लहानपणापासून असते.

आता त्या लेव्हलकडे वळते. नऊ गुणिले नऊ घरांचा पूर्ण पट होता, रंग पाच होते आणि चाली चोवीस. तळाच्या दोन ओळींतल्या अठराही घरांखाली दुहेरी जेली होती, म्हणजे प्रत्येक घर दोनदा फुटल्याशिवाय मोकळे होणार नव्हते. शिवाय खालच्या दोन्ही कोपऱ्यांत चॉकलेटचे तीन-तीन तुकडे बसलेले होते.

पहिले सहा दिवस मी जे केले तेच बहुतेक जण करत असावेत. दिसेल ती तिकडी जुळवत गेले आणि शेवटी पाच-सहा घरे उरली. ही उरलेली घरे नेहमी कोपऱ्यांतलीच असत. वही उघडल्यावर त्याचे कारण लगेच सापडले. पटाच्या मध्यभागातले एक घर सहा निरनिराळ्या सरळ तिकड्यांचा भाग होऊ शकते, तीन आडव्या आणि तीन उभ्या. कडेच्या मधल्या घराच्या वाट्याला अशा चारच तिकड्या येतात, कारण त्याच्या एका बाजूला पटच नसतो. कोपऱ्यातल्या घराला फक्त दोन मिळतात, एक आडवी आणि एक उभी. म्हणजे कोपऱ्यातले घर फुटण्याच्या वाटा मधल्या घराच्या एक तृतीयांश आहेत. मधली घरे आपोआप, वरून कोसळणाऱ्या गोळ्यांच्या ओघातही फुटतात, कोपऱ्यांसाठी मात्र जाणीवपूर्वक चाल खर्च करावी लागते. म्हणून सुरुवातीच्या चाली कोपऱ्यांवरच घालवाव्यात, हे या परीक्षणातले माझे पहिले ठाम मत आहे. शेवटी कोपरा उरला, तर हव्या त्या रंगाची वाट पाहण्यातच चाली संपतात.

रंग किती आहेत तेही डाव सुरू होताच मोजावे. वरून नव्याने पडलेल्या कोणत्याही तीन शेजारच्या गोळ्या एकाच रंगाच्या निघण्याची शक्यता सहा रंगांत ३६ मध्ये १ असते, पाच रंगांत २५ मध्ये १ आणि चार रंगांत १६ मध्ये १. एकच रंग कमी झाल्याने पट किती सैल होतो, ते या आकड्यांवरून लक्षात येते. चार रंगांच्या पटावर तळाशी चाल केली की वरची साखळी पुष्कळदा स्वतःच काम पुढे नेते. सहा रंगांच्या पटावर तसे गृहीत धरणे धोक्याचे आहे, तिथे प्रत्येक गोळी आपण स्वतः आणून बसवली आहे असे समजून खेळावे.

खरा प्रश्न चालींच्या हिशेबाचा होता. अठरा घरे, प्रत्येकी दोन थर, म्हणजे छत्तीस थर फोडायचे. एका साध्या तिकडीने तीन घरे फुटतात, तेव्हा एकही घर वाया न जाता सगळ्या तिकड्या नेमक्या त्याच दोन ओळींत जुळल्या तरी बारा चाली लागतात, आणि तसे प्रत्यक्षात कधीच घडत नाही. त्यामुळे साध्या तिकड्यांचा उपयोग खास गोळ्या घडवण्यापुरता ठेवायचा आणि जेली फोडण्याचे काम त्या खास गोळ्यांवर सोपवायचे, हाच मार्ग उरतो.

या खास गोळ्यांचे गणितही एकदा मांडून ठेवले, तर डाव निराळाच दिसू लागतो. चार सारख्या गोळ्या जुळल्या की पट्टेवाली गोळी मिळते. चार आडव्या जुळल्या असतील तर तिचे पट्टे उभे असतात आणि ती फुटल्यावर उभी रांग साफ करते, चार उभ्या जुळल्या असतील तर पट्टे आडवे आणि साफ होणारी रांगही आडवी. सर्वाधिक चुका होतात त्या इथेच, कारण मन याच्या उलट अपेक्षा करते. पाच गोळ्या काटकोनात किंवा टी अक्षराच्या आकारात जुळल्या तर पुडीतली गोळी मिळते. ती आपल्याभोवतीची घरे फोडते, खाली घसरते आणि नव्या जागी पुन्हा एकदा फुटते. पाच एका रेषेत आल्या तर ठिपक्याठिपक्यांचा कलर बॉम्ब तयार होतो.

एकेकट्या गोळीपेक्षा जोड्यांचा पल्ला कितीतरी मोठा असतो. दोन पट्टेवाल्या शेजारी आणून त्यांची अदलाबदल केली, तर एक आडवी आणि एक उभी रांग जाते, म्हणजे सतरा घरे. पट्टेवाली आणि पुडीतली एकत्र आणली, तर तीन आडव्या आणि तीन उभ्या रांगा जातात. नवाच्या पटावर ही सत्तावीस अधिक सत्तावीस वजा नऊ, म्हणजे पंचेचाळीस घरे झाली, एक्याऐंशीपैकी अर्ध्याहून अधिक. हीच जोडी अगदी कोपऱ्यात फोडली, तर दोन आडव्या आणि दोन उभ्या रांगाच हाती लागतात आणि घरे बत्तीसवर येतात. कडेपासून एक घर आत सरकून ती फोडण्याचा फायदा तेरा घरांचा आहे. कलर बॉम्ब पट्टेवालीशी जोडला, तर त्या रंगाच्या सगळ्या गोळ्या पट्टेवाल्या होऊन फुटतात, आणि पाच रंगांच्या पटावर अशा गोळ्या सरासरीने सोळाच्या आसपास असतात. दोन कलर बॉम्ब एकत्र आले की सगळा पट फुटतो. दिसायला ही सर्वांत मोठी जोडी आहे, पण दुहेरी जेलीचा तिच्यामुळे एकच थर जातो. म्हणून अशा लेव्हलमध्ये केवळ तिच्या मागे धावू नये, असे मला वाटते.

हे आकडे वहीत लिहून झाल्यावर माझ्या लेव्हलचे उत्तर समोरच होते. पट्टेवाली आणि पुडीतली यांची जोडी तळापासून दुसऱ्या ओळीत फोडली, तर पहिली, दुसरी आणि तिसरी अशा तिन्ही आडव्या रांगा कडेपासून कडेपर्यंत जातात. अशी जोडी दोनदा साधली, तर दुहेरी जेलीची अठराही घरे दोनदा फुटतात. चोवीस चालींत अशा दोन जोड्या करणे अवघड असले, तरी अशक्य नाही.

तरीही पुढचे दोन दिवस मी हरले, आणि कारण चॉकलेट होते. ज्या चालीत चॉकलेटचा एकही तुकडा फुटत नाही, त्या चालीनंतर ते शेजारची एक गोळी गिळून वाढते. चॉकलेटखालच्या जेलीवर कितीही मोठा घाव घातला, तरी तो आधी चॉकलेटलाच लागतो आणि जेली तशीच राहते. माझी पहिली जोडी चॉकलेट शिल्लक असताना फुटत होती आणि कोपऱ्यांतला तिचा सगळा जोर वाया जात होता. नात शेजारी बसून म्हणतच होती, “आजी, पहिले चॉकलेट काढ ना!” जोडी आयती जुळलेली दिसली की हात थांबत नसे. क्रम बदलायला हवा होता. आधी चॉकलेटचा शेवटचा तुकडासुद्धा काढायचा, आणि तोवर मधे जोडी तयार झाली तरी तिला हात लावायचा नाही. चॉकलेट सोडणारे कारंजे पटावर नसेल, तर एकदा पूर्ण संपलेले चॉकलेट परत येत नाही. म्हणून सुरुवातीच्या सात-आठ चाली त्यावर घालवल्या, तरी त्या वाया जात नाहीत.

दुसरी अडचण जोडी हव्या त्या जागी उतरवण्याची. पट्टेवाली वरच्या अर्ध्या भागात तयार होते, पुडीतली भलत्याच रांगेत, आणि दोघींना तळापासून दुसऱ्या ओळीत शेजारी-शेजारी आणायचे असते. इथे खेळातले गुरुत्वाकर्षण उपयोगी पडते. एखाद्या गोळीच्या खाली आडवी तिकडी फोडली, तर ती गोळी एक घर खाली येते आणि तिच्या शेजारच्या दोन रांगाही एकेक घर उतरतात. तिच्या खाली उभी तिकडी फोडली, तर ती एकटीच रांग तीन घरे उतरते. दोन खास गोळ्या शेजारच्या रांगांत पण एका घराच्या फरकाने वर-खाली असतील, तर वरच्या गोळीच्या रांगेत संपणारी आणि दुसऱ्या गोळीच्या रांगेला न शिवणारी आडवी तिकडी शोधायची, की दोघी समोरासमोर येतात. मांडून ठेवलेल्या रचनेच्या वरच्या भागात चाल केली, तर खालचे काही हलत नाही. रचनेच्या खाली चाल केली, तर तिच्यातले काही ना काही सरकणारच. ‘नेहमी तळापासून खेळा’ हा सर्वत्र दिला जाणारा सल्ला म्हणूनच मला अर्धा वाटतो. साखळी हवी असेल तेव्हा तळाशी खेळावे आणि रचना जपायची असेल तेव्हा तिच्या वर, असे मी म्हणेन.

काही लेव्हलमध्ये काळ्या, वेटोळ्याच्या आकाराच्या लिकरिशच्या गोळ्या असतात. त्या पट्टेवालीचा झोत अडवतात, त्यामुळे तिथे पुडीतली गोळी अधिक भरवशाची ठरते.

थोडा वेळ चाल केली नाही, की खेळ स्वतःच काही गोळ्या हलवून एक चाल सुचवतो. तिच्यावर विसंबू नये. ती शक्य असलेली चाल असते, योग्य असतेच असे नाही. नातीला मी सांगितले आहे की गोळ्या हलू लागल्या, तर त्या चालीने पुढे काय होईल ते आधी बोलून दाखवायचे आणि मगच बोट लावायचे. टोबी वॉल्श या ऑस्ट्रेलियातील संगणकशास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये सिद्ध केले की, दिलेल्या पटावर ठरावीक चालींत ठरावीक गुण मिळवता येतील का, हा प्रश्न संगणकशास्त्रात अत्यंत अवघड मानल्या जाणाऱ्या वर्गात मोडतो. प्रत्येक पटाला लागू पडेल अशी झटपट रीत आजवर कुणाच्या हाती लागलेली नाही. म्हणूनच कुठल्या लेव्हलला कुठली चाल याची यादी पाठ करण्यात मला अर्थ वाटत नाही. गुरुत्वाकर्षण, कोपरे आणि जोड्यांचे पल्ले इतके डोक्यात असले की प्रत्येक पटावर नव्याने विचार करता येतो, आणि या खेळातला खरा आनंद तोच आहे.

पैशांविषयी थोडे स्पष्ट लिहिते. खेळ फुकट मिळतो आणि एक रुपयाही खर्च न करता पुढे जाता येते, मी आजवर तशीच खेळत आले आहे. चाली संपल्या की आणखी पाच चाली विकत घेण्याचा पर्याय समोर येतो. तो नेमका एक-दोन घरे उरली असतानाच मोहात पाडतो, आणि ही घरे बहुधा कोपऱ्यातली असतात, ज्यांच्यासाठी पाच चालीही पुरतील याची खात्री नसते. लहान मुलांच्या हाती फोन द्यायचा असेल, तर खरेदीसाठी पासवर्ड लागेल अशी सोय फोनमध्ये आधी करून ठेवावी. जिंकण्याच्या अगदी काठावर असलेल्या खेळाडूसमोर विक्रीची खिडकी उघडणे मला पटत नाही, म्हणून पाचपैकी एक तारा मी कापते.

एका वेळी पाच लाइफ मिळतात आणि संपलेली प्रत्येक लाइफ भरायला तीस मिनिटे लागतात. या मर्यादेची अनेकांना चीड येते, पण घरात लहान मूल असेल तर ही सोयच आहे. आमच्याकडे दुपारच्या जेवणानंतर पाच लाइफ, आणि त्या संपल्या की फोन कपाटात, असा रिवाज पडला आहे. हरलेला डाव वहीत काढायला हाच मोकळा वेळ मिळतो. खेळ इंटरनेटशिवायही चालतो, त्यामुळे पुण्याच्या गाडीत रतलामनंतर नेटवर्क जाऊ-येऊ लागले तरी डाव अडत नाही.

परवाचा डाव असा झाला. पहिल्या नऊ चाली दोन्ही कोपऱ्यांवर गेल्या. डावीकडचे चॉकलेट चार चालींत संपले, उजवीकडचे मधल्या काळात पाच तुकड्यांपर्यंत वाढले होते, तेही नवव्या चालीला गेले. तेराव्या चालीला पाचव्या उभ्या रांगेत, तळापासून दुसऱ्या ओळीत पहिली जोडी फुटली आणि जेलीचा रंग सगळीकडे एका थराने फिका झाला. त्यानंतर पुडीतली गोळी लवकर मिळाली, पण पट्टेवाली सहाव्या ओळीत तयार झाली. तिला एका उभ्या आणि एका आडव्या तिकडीने चार घरे खाली आणण्यात आणि मधल्या शोधात चाली गेल्या. एकविसाव्या चालीनंतर नातीने वही पाहिली, पट पाहिला आणि म्हणाली, “आजी, आता जांभळी पट्टेवाली उजवीकडे.” बाविसावी चाल तिने केली.

पुढची लेव्हल सहा रंगांची आहे, लिकरिशने भरलेली, आणि तिचा पट वहीत काढून झाला आहे.